काका, टॅब 'सगळ्यासाठी' घेऊ नका

गेल्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या काकांनी लिफ्टमधे धरलं. "तो तुझ्याकडे छोटा टॅब असतो ना, कसाय गं तो? मीही घ्यावा म्हणतोय, दहा-बारा हजारात येतो म्हणे." मी विचारलं कशासाठी पाहिजे, तर म्हणाले "कशासाठी म्हणजे काय, सगळ्यासाठी!" तेवढ्यात माझा मजला आला आणि उत्तर अर्धवट राहिलं, तर हे ते राहिलेलं उत्तर समजा, जरा लांबलंय.

आधी माझी लायकी सांगते. मी ठाणे पूर्वेला कोपरीत राहते, ऑफिस बेलापूरला, म्हणजे रोज ठाणे-पनवेल लोकल, जायला चाळीसेक मिनिटं आणि यायला तेवढीच. घरात आतापर्यंत चार टॅब झाले. एक चक्क फसवणूक निघाला, एक देऊन टाकला, एक आई वापरते, एक माझ्या पर्समधे असतो. पैसे घालवून जे शिकले तेच लिहितेय, त्यामुळे ज्यांना प्रोसेसरची नावं पाठ आहेत त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल.

छोटा टॅब म्हणजे मी साधारण ८ ते ९ इंचांचा म्हणतेय, आणि स्वस्त म्हणजे पंधरा हजारांच्या आतला. सॅमसंगचा गॅलेक्सी टॅब ए९ (८.७ इंच, आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मधे आला), लेनोवोचा टॅब एम९ (९ इंच), रेडमीचा पॅड एसई ४जी (८.७ इंच) ही त्या जातीतली मंडळी. अ‍ॅपलचा आयपॅड मिनी पण ८.३ इंचांचाच आहे पण तो ४९,९०० पासून सुरू होतो, तेव्हा तो या पंगतीत नाही.

पायरी १. टॅब कोणाचा आणि कुठे बसून वापरणार, हे एका वाक्यात लिहा

खरंच लिहा, कागदावर. "आई, भजनाला बसताना." "मी, ट्रेनमधे वाचायला." "बाबा, गॅलरीत बसून यूट्यूब आणि पेपर." असं एका माणसाचं एक काम लिहिता आलं तर छोटा टॅब घ्या, पैसे वसूल होतात. "सगळ्यांना सगळ्यासाठी" असं वाक्य झालं तर महिन्याभरात तो टॅब टीव्हीच्या खालच्या कप्प्यात धूळ खात पडणार, हे मी अनुभवावरून सांगते.

कारण सोप्पंय. ही वस्तू बघायला, वाचायला, ऐकायला चांगली आणि काही करायला बसलं की वाईट. एक्सेल उघडून बघा, चार कॉलम दिसतात आणि बोट भलत्याच खान्यात पडतं. ऑनलाइन फॉर्म भरणं, फोटो कापून ५० केबीत बसवणं, पीडीएफ अपलोड करणं ही सगळी कामं लॅपटॉपवर दहा मिनिटांची आणि टॅबवर अख्ख्या संध्याकाळची होतात. कीबोर्ड जोडून मिनी लॅपटॉप करू असं डोक्यात असेल तर ते आत्ताच काढून टाका, ब्लूटूथ कीबोर्ड जोडला जातो हो, पण ८ इंचांच्या स्क्रीनकडे मान वाकवून तास-तासभर टाइप कोण करणार.

चित्रं काढायला म्हणून घेणाऱ्यांसाठी पण एक सूचना. या किमतीतल्या छोट्या टॅबना खरा पेन सहसा चालत नाही, बाजारात जे जाड रबरी टोकाचे पेन मिळतात ते म्हणजे काडीला लावलेलं बोट, आणि तळहात टेकला की तिथेही रेघ उमटते. माझ्या भाच्याने दोन दिवस प्रयत्न केला आणि परत ड्रॉइंगबुक काढलं.

पायरी २. आकाराचा हिशोब करा, इंचांना फसू नका

लोक म्हणतात फोन साडेसहा इंची, टॅब पावणेनऊ इंची, दोन-सव्वादोन इंचांसाठी कशाला वेगळं यंत्र. पण हे इंच तिरके मोजलेले असतात, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात. क्षेत्रफळ काढलं तर साडेसहा इंची लांबोडक्या फोनची स्क्रीन साधारण १६ चौरस इंच भरते आणि ८.७ इंची टॅबची ३३, म्हणजे दुप्पट. आणि मोठा ११ इंची घेतला तर ५४ च्या आसपास. तेव्हा फरक नक्की पडतो, डोळ्याला पहिल्याच मिनिटात कळतो.

आता उलटी बाजू, आणि ही दुकानात कोणी सांगत नाही. टॅब उभा धरला की स्क्रीनची रुंदी जेमतेम ११३ मिलिमीटर. ए४ कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. म्हणजे ए४ ची पीडीएफ उघडली की ती जवळपास निम्म्यावर येते आणि १२ पॉइंटचं अक्षर साडेसहा पॉइंटसारखं दिसतं, औषधाच्या बाटलीवरच्या मजकुराएवढं. आडवा धरला की रुंदी १९० मिलिमीटर मिळते, अक्षर छान मोठं होतं पण पान अर्धंच दिसतं आणि सारखं सरकवावं लागतं. शाळेची पुस्तकं ई-बालभारतीवरून फुकट पीडीएफमधे मिळतात ती आकाराने मोठी असतात, चौकटी, चित्रं, दोन-दोन रकाने, त्यामुळे मुलाच्या अभ्यासासाठी घेत असाल तर थोडे पैसे घालून ११ इंची घ्या, मी छोट्याची चाहती असूनही हेच सांगेन.

याउलट कथा-कादंबऱ्यांची डेमी आकाराची जुनी पुस्तकं कोणीतरी स्कॅन केलेली असतात ना, ती ८ इंचांवर मस्त बसतात, वाचनाच्या अ‍ॅपमधे कडेचा पांढरा समास कापायची सोय असते ती वापरली तर छापील पुस्तकाच्या जवळपास जातं. रीडएरा नावाचं अ‍ॅप मी वापरते, जाहिराती नाहीत. आणि ईपब (ई-पुस्तकाचा एक फाइल प्रकार) किंवा किंडलचं पुस्तक असेल तर प्रश्नच मिटला, अक्षर हवं तेवढं मोठं करा, ओळी आपोआप नव्याने बसतात. स्कॅन पीडीएफमधे हे होत नाही कारण ते पानाचे फोटो असतात, एवढं लक्षात ठेवा म्हणजे चिडचिड होणार नाही.

वजनाचं पण बघा. टॅब ए९ चं वजन ३३२ ग्रॅम, त्याचाच ११ इंची मोठा भाऊ ४८० ग्रॅम. ऐकायला दीडशे ग्रॅमचा फरक, पण एका हाताने वरची कडी धरून दुसऱ्या हातात तो घेऊन घणसोली ते नेरूळ उभं राहून बघा, मनगट सांगेल. छोटा टॅब एका पंजात मावतो हा त्याचा सगळ्यात मोठा गुण, बाकीचे सगळे गुण मला वाटतं याच्या नंतर येतात.

पायरी ३. सिमवाला की नुसता वायफायवाला

साधारण दोन-अडीच हजारांचा फरक असतो. घरात वायफाय आणि बाहेर फोनचा हॉटस्पॉट, एवढ्यावर भागत असेल तर वायफायवाला पुरे. पण ज्येष्ठांसाठी घेत असाल तर सिमवाला घ्या असं माझं मत आहे, कारण "आधी फोनमधे हॉटस्पॉट चालू कर, मग टॅबमधे जोड" ही कसरत आईला सहा महिन्यात जमली नाही आणि तिला न जमल्याबद्दल वाईट वाटायचं ते वेगळंच.

दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. एक, यूपीआय. गूगल पे, फोनपे वगैरे चालू करताना बँकेत नोंदवलेल्या नंबरच्या सिमवरून त्याच यंत्रातून एसएमएस जातो, मग ज्यात सिमच नाही त्यात यूपीआय बसणार कसं. तेव्हा टॅबवरून रिक्षावाल्याला पैसे देऊ असा विचार असेल तर तो सोडा. माझ्या मते तर बँकेची अ‍ॅप्स टॅबमधे टाकूच नयेत, तो घरभर फिरतो, पाहुण्यांच्या मुलांच्या हातात जातो.

दोन, व्हॉट्सअ‍ॅप. टॅबवर ते चालतं, फोनचंच खातं क्यूआर कोड स्कॅन करून जोडता येतं, एका खात्याला अशी चार यंत्रं जोडता येतात. फोन बंद असला तरी टॅबवर मेसेज येतात, फक्त १४ दिवस मुख्य फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडलंच नाही तर जोडणी सुटते. आईचे नातवंडांचे व्हिडिओ आता सगळे टॅबवर.

पायरी ४. खोक्यावरचं वाचायला शिका

इथे जरा बसून वाचा, कारण फसायची जागा हीच.

रॅम, म्हणजे चालू असलेली अ‍ॅप्स धरून ठेवायची जागा, ४ जीबीच्या खाली नको. २ आणि ३ जीबीवाले अजून मिळतात, सेलमधे सहा-सात हजारात बघून हात शिवशिवतात, पण यूट्यूबवरून व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं आणि परत आलं की व्हिडिओ पहिल्यापासून सुरू, असलं सगळं त्यात होतं. खोक्यावर "४ + ४ जीबी" असं अधिक चिन्ह दिसलं तर दुसरे ४ हे खरे रॅम नाहीत, स्टोरेजमधली जागा उसनी घेऊन रॅम म्हणून दाखवलेली असते आणि ती खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी हळू असते. पहिला आकडा तेवढा धरा.

स्टोरेज ६४ जीबी लिहिलं तरी सिस्टिम आणि कंपनीची अ‍ॅप्स मिळून पंधरा-वीस जीबी आधीच खातात. मेमरी कार्डाची सोय या टॅबमधे बहुतेक असते हा मोठा फायदा, बऱ्याच फोनमधून ती खाच आता गेलीच. पिक्चर, गाणी, पुस्तकं कार्डात टाका, अ‍ॅप्स आत राहू द्या. आणि आतली जागा गच्च भरू देऊ नका, स्वस्त टॅबमधे ईएमएमसी नावाची जुन्या पद्धतीची साठवण असू शकते, मुळातच धिमी, भरली की टॅब एकदम म्हातारा होतो. दहा-बारा जीबी मोकळे ठेवायचे.

स्क्रीन. वर सांगितलेल्या तिन्ही स्वस्त टॅबची १३४० बाय ८०० ठिपक्यांची आहे. ८.७ इंचांवर हे म्हणजे इंचाला १७९ ठिपके होतात, आणि बऱ्याच फोनवर ४०० च्या घरात असतात. फरक दिसतो का? दिसतो. मराठी अक्षरात तर जास्तच, जोडाक्षरं आणि रफार बारीक आकारात जरा खडबडीत दिसतात. अक्षर मोठं केलं की मात्र जाणवत नाही आणि टॅब घेतोच आपण अक्षर मोठं करायला, त्यामुळे आईची याबद्दल काहीच तक्रार नाही, तक्रार माझी आहे. नाजूक डोळ्यांच्या लोकांनी दुकानात बघूनच ठरवावं.

पिक्चर बघणाऱ्यांसाठी अजून एक, वाइडवाइन नावाची कुलपासारखी व्यवस्था असते, तिची एल१ पातळी टॅबमधे असेल तरच नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅप्स एचडी दाखवतात, एल३ असेल तर ४८० पी वर, म्हणजे कमी स्पष्ट चित्रावर, अडकतात. डीआरएम इन्फो नावाच्या फुकट अ‍ॅपने कळतं. पण गंमत अशी की नेटफ्लिक्सचा जो सगळ्यात स्वस्त मोबाइलवाला प्लॅन आहे तो मुळातच ४८० पी देतो, मग तुमच्याकडे तोच असेल तर या एल१-एल३ मागे डोकं खर्च करायची गरजच नाही.

बॅटरी टॅब ए९ आणि एम९ मधे ५,१०० एमएएच, रेडमीच्यात ६,६५०. पुरते, दिवसभर पुरते. चार्जिंग हळू, ए९ चं १५ वॉट आहे, अडीच तास तरी धरून चाला. खोक्यात चार्जर आहे का नुसती वायर ते विचारा, आणि टाइप-सी आहे ना तेही, जुने पडून असलेले मॉडेल कोणी गळ्यात मारलं तर मायक्रो यूएसबी निघतं.

कॅमेरा विसरा. ए९ चा पुढचा २ मेगापिक्सेलचा आहे, व्हिडिओ कॉलवर मुलगा कॅनडाहून म्हणतो "आई, लाइट लाव", लाइट लावलेलाच असतो. बोटाचा ठसा घेणारा सेन्सर बहुतेकांत नसतो, पिन किंवा पॅटर्न टाकायचा. हेडफोनचं भोक असतं, हे मला फार आवडतं, वीस रुपयाला मिळणारी वायर पण चालते आणि चार्ज करायची कटकट नाही.

पायरी ५. खोटा टॅब ओळखा

माझा पहिला टॅब. ऑनलाइन घेतला, कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं, जाहिरातीत १२ जीबी रॅम, ५१२ जीबी स्टोरेज, दहा इंची स्क्रीन आणि किंमत ५,९९९. मी म्हटलं घेऊन टाकू, आपलं नशीब. आला, चालू केला, सेटिंगमधे खरंच १२ आणि ५१२ लिहिलेलं! मग दोन-चार पिक्चर टाकले, तिसऱ्या दिवशी आधीचे उघडेनात, फाइल दिसते पण आत काही नाही. आकडे नुसते रंगवलेले होते, आत होतं त्याच्या दहाव्या हिश्शाएवढं. परत घ्यायची मुदत तोपर्यंत टळली. नवऱ्याने त्या टॅबला "शोभेचा नारळ" असं नाव ठेवलं आणि ते नाव अजून चालूच आहे.

तर ओळखायचं असं. प्ले स्टोअर उघडा, आपल्या फोटोवर बोट, सेटिंग, मग अबाऊट, तिथे प्ले प्रोटेक्टचं, म्हणजे गूगलच्या तपासणीचं, प्रमाणपत्र आहे का लिहिलेलं असतं. "प्रमाणित नाही" आलं की परत करा, चर्चा नको. दुसरं, मागच्या बाजूला किंवा खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर अ‍ॅपमधे टाकला की तो कोणाच्या नावावर नोंदवलाय ते दिसतं. सिमवाला जुना, वापरलेला घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय (त्या यंत्राचा ओळख नंबर) काढा आणि इंग्रजीत KYM लिहून, जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा, मॉडेल कुठलं ते उत्तरात येतं. हातातला टॅब आणि उत्तरातला टॅब वेगळा निघाला तर तिथूनच घरी जा.

स्वस्त टॅबचं नाव आपल्याकडे पहिल्यापासूनच जरा बदनाम आहे म्हणा. २०११ च्या ऑक्टोबरमधे सरकारने विद्यार्थ्यांसाठी आकाश टॅब आणला होता आठवतो का, ७ इंची, २५६ एमबी रॅम आणि स्क्रीन अशी की बोट नुसतं टेकवून भागायचं नाही, दाबावं लागायचं. तेव्हा कॉलेजात त्याच्यावर किती विनोद झाले. त्या मानाने आजचे दहा-बारा हजारवाले म्हणजे राजेशाही.

पायरी ६. दुकानात जाऊन पाच मिनिटं घालवा

गोखले रोड, राम मारुती रोडला मोबाइलची दुकानं आहेत, मॉलमधे मोठी शोरूम आहेत, कुठेही चालेल. ऑनलाइन पाचशे-हजार स्वस्त मिळेल पण एकदा हातात घेऊन बघा. माझी परीक्षा अशी: सेटिंगमधे भाषा मराठी करून बघायची. मग क्रोम उघडून मराठी बातम्यांचं पान झरझर सरकवायचं, अडखळतो का बघायचं. मग आवाज पूर्ण वाढवून एक गाणं, स्पीकर दोन्ही बाजूला आहेत का एकाच. मग तिरका करून रंग उडतो का. आणि शेवटी दरवाज्याशी नेऊन उन्हात, कारण या स्क्रीन उन्हात मंद दिसतात, गॅलरीत पेपर वाचणाऱ्या बाबांना हेच नडणार असतं. सेल्समन कंटाळतो. कंटाळू द्या.

सर्व्हिस सेंटर ठाण्यात कुठे आहे ते त्याच वेळी विचारून ठेवा. आईच्या टॅबची काच फुटली तेव्हा स्क्रीन बदलायला साडेपाच हजार सांगितले, वर पार्ट यायला तीन आठवडे, आणि टॅब होता अकरा हजारांचा. स्वस्त टॅबचा हा सगळ्यात मोठा दोष, फुटला की दुरुस्तीपेक्षा नवीन बरा वाटतो. म्हणून कव्हर आणि स्क्रीनगार्ड त्याच दिवशी, खरेदीच्या बिलातच धरायचे. कव्हर मागे घडी होऊन उभं राहणारं घ्या, वेगळा स्टँड लागत नाही.

पायरी ७. पहिल्या संध्याकाळी करायची कामं

घाई करून मुलांच्या हातात देऊ नका. वायफाय जोडा, चार्जिंगला लावा, आणि जेवढे अपडेट येतील तेवढे येऊ द्या, तास-दीडतास जाईल आणि टॅब गरम होऊन रडत-खडत चालेल, पहिल्या दिवसाच्या वेगावरून मत बनवू नका. मग नको असलेले गेम आणि खरेदीची अ‍ॅप्स उडवा, जी उडत नाहीत ती डिसेबल करा.

गूगल खातं कोणाचं टाकायचं हा गहन प्रश्न. आईच्या टॅबमधे मी माझं टाकलं आणि मग तिच्या सगळ्या भजनांच्या शिफारशी माझ्या यूट्यूबवर आणि माझ्या ऑफिसच्या मीटिंगांच्या घंट्या तिच्या टॅबवर, ऐन कीर्तनात. ज्याचा टॅब त्याचं खातं. टॅब दोघांत वापरायचा असेल तर अँड्रॉइड टॅबमधे वेगवेगळे यूजर करायची सोय असते, सेटिंगमधे शोधा, पण ४ जीबी रॅमवर दोनच्या वर नको. मुलांसाठी गूगल फॅमिली लिंक लावा, वेळ संपला की टॅब आपोआप बंद होतो आणि भांडण तुमच्याशी न होता टॅबशी होतं.

आता ज्येष्ठांच्या टॅबसाठी चार सेटिंगं, ही मी आईच्या बरोबर बसून एकेक करत शिकले. अक्षराचा आकार आणि डिस्प्लेचा आकार, दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही वाढवायच्या. जीबोर्डमधे (गूगलचा कीबोर्ड) मराठी घालून हस्तलेखन निवडायचं, आई बोटाने "ज्ञानेश्वर" लिहिते आणि ते बरोब्बर उमटतं, टाइप करायची तिला गरजच पडत नाही. पहिल्या पानावर पाचच चिन्हं ठेवायची, बाकी सगळी आत. आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं, स्क्रीन बंद व्हायची वेळ. मुळात ती ३० सेकंद असते. कोपरीत तिचं भजनी मंडळ आहे, हरिपाठाला टॅब पोथीच्या लाकडी स्टँडवर ठेवून बसली आणि पहिल्या अभंगाच्या दुसऱ्याच कडव्याला स्क्रीन काळी. टाळ चालू, शब्द गायब! शेजारच्या काकू म्हणाल्या "वहीच बरी बाई." घरी आल्यावर वेळ ३० मिनिटं केली, आता त्याच काकू टॅबमधे डोकावून म्हणतात.

त्या मंडळाचे अभंग मी एका साध्या वर्ड फाइलमधे टाइप करून दिलेत, अक्षर २४ पॉइंट, एका पानावर एक अभंग. दोन जाड वह्यांचं ओझं गेलं. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची मेंबरशिप मात्र तिने सोडलेली नाही, पुस्तक बदलायला जाणं हा तिचा फिरायला जायचा बहाणा आहे आणि टॅबला ते जमणार नाही.

पायरी ८. ट्रेन, पाऊस, चार्जिंग

ट्रेनमधे नेटच्या भरवशावर राहू नका, रात्रीच वायफायवर डाऊनलोड करून ठेवा. दाराजवळ टॅब काढू नका. आत सरकून, पर्स पुढे घेऊन, मग काढायचा. ठाण्याला ट्रेन रिकामी लागते तेव्हा बसायला मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर कव्हरच्या मागे बोट अडकवायचा पट्टा असतो तो कामाला येतो, वेगळा शंभर-दीडशेला मिळतो. संध्याकाळच्या गर्दीत मी काढतच नाही, इअरफोन लावते आणि टॅब पर्समधेच वाजत राहतो.

पावसाळ्यात या टॅबना पाण्यापासून संरक्षण असतंच असं धरू नका. ओल्या बोटाने स्क्रीन वेड्यासारखी वागते, आपोआप पानं उलटतात, घाबरू नका, पुसा आणि कोरड्या बोटाने वापरा. जून ते सप्टेंबर माझा टॅब झिपवाल्या प्लास्टिक पिशवीत असतो, डाळी ठेवायच्या मोठ्या पिशव्या ८.७ इंचाला बरोबर होतात, पिशवीवरून टच पण चालतो.

चार्जिंग रात्रभर लावून ठेवायची सवय मोडा, सेटिंगमधे ८०-८५ टक्क्यांवर थांबायची सोय असेल तर चालू करा. आणि महिना-दोन महिने वापरणार नसाल, गावाला जाणार असाल, तर शून्यावर सोडून जाऊ नका, निम्मा भरून बंद करून ठेवा, पूर्ण मेलेली बॅटरी पडून राहिली की परत उठेलच याची खात्री नसते.

पायरी ९. देऊन टाकताना

दोन-तीन वर्षांनी अपडेट यायचे बंद होतात किंवा टॅब फारच लटकायला लागतो, तेव्हा तो कोणाला तरी द्यावासा वाटतो. द्या, पण आधी सेटिंगमधून आपलं गूगल खातं काढा, मग रीसेट. मी उलटं केलं. बटणं दाबून थेट रीसेट मारला आणि आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या मुलाला दिला, तो अभ्यासाचे व्हिडिओ बघणार होता. दुसऱ्या दिवशी तो पोरगा टॅब घेऊन दारात, म्हणाला "ताई, हा तुमचा पासवर्ड मागतोय." चोरीच्या टॅबला लागतं तेच कुलूप लागलं होतं. मी तिथेच उंबऱ्यात बसून पासवर्ड टाकला, खातं काढलं, त्याचं नवीन उघडून दिलं, अक्षर मोठं करायला गेले तर म्हणाला "नको ताई, मला दिसतं."